पंचवीस की बावन्न? पहिली-दुसरीतले मूल विषयवार नेमके काय शिकते?

ओंजळ

नमस्कार. माझी मुलगी मराठी माध्यमाच्या शाळेत दुसरीत शिकते. सहामाहीनंतर शाळेने पालकांना बोलावले, तेव्हा तिच्या गणिताच्या वहीवर लाल शाईने ‘गणित कच्चे आहे, घरी सराव घ्यावा’ असा शेरा होता. घरी आल्यावर मी ती वही सावकाश पाहिली. बाईंनी दहा संख्या तोंडी सांगितल्या होत्या आणि मुलांनी त्या अंकांत लिहायच्या होत्या. पंचवीसच्या जागी तिने 52 लिहिले होते, अठ्ठेचाळीसच्या जागी 84 आणि त्रेसष्टच्या जागी 36. दहापैकी सहा संख्या चुकल्या होत्या आणि त्या सहाही ठिकाणी अंक बरोबर होते, फक्त क्रम उलटा होता. बरोबर आलेल्या चार संख्या बावीस, तेहेतीस, चाळीस आणि सत्तर या होत्या.

रात्री जेवणे झाल्यावर मी खराट्याचे हीर मोडून सारख्या लांबीचे तुकडे केले, केसांची रबरे घेतली आणि दोघी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसलो. “मला पंचवीस काड्या दे,” असे म्हटल्यावर तिने दहा-दहा मोजून दोन जुड्या बांधल्या, पाच काड्या सुट्या ठेवल्या आणि माझ्यापुढे सरकवल्या. एकही चूक नव्हती. मग तेच पाटीवर लिहायला सांगितले, तर पुन्हा 52. का, असे विचारल्यावर तिने दिलेले उत्तर मी जसेच्या तसे लिहिते : “आई, आधी पंच ऐकू येते ना, म्हणून पाच आधी.”

माझ्या मुलीचे गणित कच्चे नाही, असे मला त्या क्षणी वाटले. तिला पंचवीस ही संख्या कळते. ती जिथे अडखळते ती जागा गणिताची आहे की मराठीची, हे मात्र मला सांगता येईना. आपण प्रगतिपुस्तकात भाषा, गणित, इंग्रजी, कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण असे रकाने वेगळे करतो आणि प्रत्येकापुढे एक श्रेणी लिहितो. परंतु सहा-सात वर्षांच्या मुलाच्या मनात असे रकाने असतात का? या वयात प्रत्येक विषयातून मूल प्रत्यक्षात काय शिकते आणि पालकांनी कशाकडे लक्ष द्यावे, हे शाळेत शिकवणाऱ्यांकडून आणि माझ्यासारख्या पालकांकडून समजून घ्यावे म्हणून हा धागा काढला आहे.

गावशाळा

ताई, आपण काड्या घेऊन बसलात, हे फार चांगले केले. मी सातारा जिल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत पहिली-दुसरीचा वर्ग एकत्र घेतो आणि आपण सांगितलेली चूक दर वर्षी चार-पाच मुलांच्या पाटीवर पाहतो. मराठीत एकवीसपासून पुढच्या बहुतेक संख्यांत एकक आधी उच्चारला जातो आणि दशक नंतर, तर लिहिताना दशक आधी येतो. म्हणजे कान आणि हात यांना उलट्या दिशांनी चालावे लागते. त्यात त्रेसष्ट, त्र्याण्णव, अठ्ठ्याऐंशी अशी जोडाक्षरांची गर्दी. त्याहून अवघड म्हणजे एकोणतीस, एकोणचाळीस. कानाला तीस ऐकू येते आणि लिहायचे असतात विसातले नऊ. ‘एकोण’ म्हणजे एकाने उणे, ही वजाबाकी त्या शब्दातच दडलेली आहे, हे मुलाला कोणी सांगत नाही. बरे, हा नियम एकोणनव्वदपर्यंत पाळायचा आणि नव्याण्णवला सोडून द्यायचा.

2019 साली दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात ‘वीस पाच’ आणि ‘पंचवीस’ अशी दोन्ही वाचने दिली गेली, तेव्हा महाराष्ट्रात किती वादळ उठले, ते अनेकांना आठवत असेल. विधानसभेपर्यंत विषय गेला. गणिताच्या अभ्यासगटाच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी त्या वेळी हेच सांगितले होते की, जोडाक्षरे आणि उलटा क्रम यांमुळे मुले संख्यावाचनाला घाबरतात आणि गणितापासून दूर जातात. ‘पंचवीस’ हा शब्द कोणी काढून टाकलेला नव्हता. ‘वीस पाच’ ही मधली पायरी होती. मी आजही वर्गात ती वापरतो. मूल आधी ‘वीस आणि पाच, पंचवीस’ असे पूर्ण म्हणते, जुडी आणि सुट्या काड्या दाखवते, मग लिहिते. दिवाळीनंतर पहिला भाग आपोआप गळून पडतो.

आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. या वयातले गणित म्हणजे केवळ आकडेमोड नव्हे. शाळेचा व्हरांडा किती लांब आहे, हे मी दर वर्षी मुलांकडून पावलांनी मोजून घेतो. पाऊल पावलाला टेकवत टाच-बोट, टाच-बोट असे सगळे निघतात. यंदा एका मुलीची 61 पावले भरली आणि माझी 40. ती रडवेली झाली, कारण तिला वाटले, आपले चुकले. तिने पुन्हा मोजले, पुन्हा 61. मग ती माझ्या पायाशेजारी आपला पाय ठेवून बराच वेळ पाहत उभी राहिली आणि म्हणाली, “सर, तुमचे पाऊल मोठे आहे म्हणून तुमची कमी भरली.” मापाचे एकक मोठे असेल, तर संख्या लहान येते, हे तिला मी सांगितले नव्हते. आता या प्रसंगाची नोंद मी कोणत्या रकान्यात करावी? मोजणे गणितातले, चालणे शारीरिक शिक्षणातले, व्हरांडा परिसरातला आणि शेवटचे ते ‘म्हणून’ भाषेतले. मला तर त्यातले ‘म्हणून’ सर्वांत मोलाचे वाटते. कारण सांगता येणे ही या दोन वर्षांतली सर्वांत मोठी मिळकत आहे.

निळाई

माझा मुलगा पुण्यात इंग्रजी माध्यमात पहिलीत आहे. त्याच्या शाळेत बेरीज-वजाबाकीची पाने भराभर होतात, परंतु शाब्दिक उदाहरण आले की तो अडतो. ‘रमाकडे आठ बोरे होती, त्यांतली तीन तिने दिली’ हे मी मराठीत सांगितले की, तो क्षणात ‘पाच’ म्हणतो. तेच पुस्तकातल्या इंग्रजी वाक्यात वाचले की, आठ आणि तीन हे दोन आकडे दिसतात आणि तो त्यांची बेरीज करून मोकळा होतो. त्याला वजाबाकी येत नाही, असा निष्कर्ष निघतो आणि तो चुकीचा आहे. या धाग्यामुळे मला माझ्याच घरातली गोष्ट नव्याने दिसली.

खान्देशी

मी धुळे जिल्ह्यात शिकवते. भाषेच्या रकान्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते पहिलीतले सगळे काही तिथे ठरते.

माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांच्या घरी अहिराणी बोलतात. गेल्या वर्षी चित्रावरून शब्द लिहायला दिले, तेव्हा एका मुलाने डोळ्याच्या चित्राखाली ‘डोया’ लिहिले आणि शाळेच्या चित्राखाली ‘शाया’. प्रमाण मराठीतल्या ळच्या जागी आमच्याकडे य उच्चारतात. म्हणजे त्या मुलाने आवाज अचूक ऐकला होता, त्याचे अक्षर अचूक निवडले होते, काना योग्य जागी दिला होता. पहिलीतल्या मुलाने लेखनात जे करावे, अशी आपली अपेक्षा असते, ते सर्व त्याने केले होते. त्यावर फुली मारली असती, तर त्याला कळले असते ते इतकेच की, माझ्या आईचे बोलणे चूक आहे. मी ‘डोया’ तसेच ठेवले आणि शेजारी ‘डोळा’ लिहून म्हटले, “घरी डोया म्हणतात, पुस्तकात डोळा लिहितात. दोन्ही वाच बरे.” त्याने दोन्ही वाचले, हसला आणि मग स्वतःच ‘केया – केळे’ अशी जोडी सांगितली. त्या दिवसापासून आमच्या फळ्याच्या एका कोपऱ्यात अशा जोड्यांची यादी वाढत आहे.

वाचायला शिकण्याबद्दलही पालकांचा एक समज दूर व्हायला हवा. सगळी मुळाक्षरे पाठ झाली, मग बाराखडी झाली, मग शब्द आणि मग वाक्ये, या क्रमाने गेल्यास मूल कित्येक महिने काहीही अर्थपूर्ण न वाचता अक्षरे गिरवत राहते. क, म, ल, न ही चार अक्षरे आणि काना एवढेच घेतले, तरी कमल, काम, कान, नाक, मान, माल, कमान असे शब्द पहिल्या पंधरवड्यात वाचता येतात आणि ‘नाक’ वाचून मूल आपल्या नाकाला हात लावते. वाचणे म्हणजे काय, हे त्याला तिथे समजते. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सिन बर्नसन यांनी मराठी वाचनाच्या सुरुवातीवर अनेक वर्षे काम केले, त्याचा माझ्यासारख्या शिक्षकांना फार उपयोग झाला.

मुलांना कुठे अडचण येते, हेही पाहण्यासारखे आहे. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी काढायची आणि उच्चारायची नंतर. र तर किती रूपे घेतो : चक्रातला खाली, अर्कातला वर, ट्रकमधला वेगळा, सुऱ्यातला आणखी वेगळा. चहातला च आणि चमच्यातला च यांचे आवाज वेगळे, अक्षर एकच. 2009 च्या शासन निर्णयाने ॲ आणि ऑ वर्णमालेत आले, त्यामुळे आजचे मूल बाराखडी नव्हे, चौदाखडी शिकते, हे आजी-आजोबांना सांगावे लागते. इतका गुंतागुंतीचा व्यवहार मूल दोन वर्षांत आत्मसात करते, आणि आपण विचारतो, “आज शाळेत काय शिकलास? काहीच नाही?”

जुनी_पाटी

केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त होऊन मला बरीच वर्षे झाली. खान्देशी ताईंचे लिखाण वाचून समाधान वाटले, तरी एका मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे. पाठांतराला हल्ली सरसकट नावे ठेवली जातात. आमच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ केले आणि बाजारात सव्वा रुपये शेराने साडेतीन शेराचा हिशेब तोंडी केला. पाढे मुखोद्गत असले की, मन पुढच्या विचाराला मोकळे राहते. कविता पाठ असली की, लय कानात राहते आणि लयीबरोबर शब्दही राहतात. काड्यांच्या जुड्या आवश्यक आहेतच, परंतु दुसरीच्या अखेरीस दोन ते पाचचे पाढे न अडखळता यायला हवेत, असे मी आग्रहाने म्हणेन.

गावशाळा

काका, आपल्याशी मी सहमत आहे, फक्त क्रमाचा आग्रह धरतो. तीनचा पाढा पाठ करण्याआधी मुलाने तीन-तीन चिंचोक्यांचे ढीग स्वतः मांडलेले असावेत. तसे झाले असेल, तर ‘तीन चोक’ विसरल्यावर ते ‘तीन त्रिक नऊ’मध्ये तीन मिळवून पुढे जाते. तसे झाले नसेल, तर पहिल्यापासून म्हणायला लागते आणि मध्ये कोणी टोकले की, पुन्हा पहिल्यापासून.

ओंजळ ताई, आपल्याला उपयोग होईल म्हणून केंद्र शासनाच्या ‘निपुण भारत’ कार्यक्रमातली उद्दिष्टे थोडक्यात देतो. हा कार्यक्रम जुलै 2021 मध्ये सुरू झाला आणि तिसरी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाला 2026-27 पर्यंत पायाभूत वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यावे, हे त्याचे लक्ष्य आहे. पहिलीच्या अखेरीस चार-पाच सोप्या शब्दांचे लहान वाक्य वाचणे आणि 99 पर्यंतच्या संख्या वाचणे-लिहिणे. दुसरीच्या अखेरीस मिनिटाला 45 ते 60 शब्द समजून वाचणे आणि 999 पर्यंतच्या संख्या. तिसरीच्या अखेरीस किमान 60 शब्द आणि 9999 पर्यंतच्या संख्या, अशी ती उद्दिष्टे आहेत. यांतला ‘समजून’ हा शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे आणि घड्याळ लावून वाचन घेताना नेमका तोच निसटतो. मी मुलाचे वाचन झाले की, पुस्तक मिटून एवढेच विचारतो की, आता तू मला ही गोष्ट सांग. जे वेगाने वाचते आणि सांगू शकत नाही, त्याच्यासाठी मला काम करायचे असते.

मूल्यमापनाबाबतही एक सांगतो. 2010 पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. त्यात पहिली-दुसरीला आकारिक मूल्यमापनाचा भारांश 70 टक्के आणि संकलित मूल्यमापनाचा 30 टक्के ठरवलेला आहे. म्हणजे वर्षभर मूल बोलताना, खेळताना, करताना शिक्षकाने जे पाहिले, त्याला लेखी चाचणीपेक्षा दुपटीहून अधिक वजन आहे. आपल्या मुलीने बांधलेल्या दोन जुड्या आणि पाच सुट्या काड्या ही त्या 70 टक्क्यांतली नोंद आहे. आपण तिच्या बाईंना हे अवश्य सांगा. वर्गात चाळीस मुले असतील, तर एकेकाजवळ बसून ‘का’ विचारायला त्यांना वेळ मिळालेला नसेल. आपण विचारलेत, त्याचा त्यांनाही उपयोगच होईल.

रंगपेटी

कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण यांबद्दल अजून कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. बालभारतीचे ‘खेळू, करू, शिकू’ हे पुस्तक बहुतेक घरांत कोरेच राहते, कारण त्याची परीक्षा नसते. परंतु मूल कात्रीने वळणदार रेषेवर कागद कापते, मातीचा बैल करताना चारही पाय सारखे जाड करण्याची धडपड करते, सुईत नव्हे तरी नाडीत मणी ओवते, तेव्हा बोटांत जी ताकद येते, तिच्यावरच पेन्सिल धरणे अवलंबून असते. पहिलीत ज्यांचे अक्षर फार दाबून किंवा फार फिकट येते, अशा मुलांना मी जास्तीचे शुद्धलेखन देत नाही. त्यांना पीठ मळायला, शेंगा सोलायला, ओले कपडे पिळायला द्या, असे पालकांना सांगते. दोन महिन्यांत वहीवर फरक दिसतो. तसेच मणी लाल, पिवळा, पिवळा, लाल, पिवळा, पिवळा असे ओवणे हा गणितातला आकृतिबंध आहे. लंगडी घालताना ‘डावीकडे वळ’ हे ऐकून शरीर वळते, ते दिशाज्ञान पुढे तिसरीत परिसर अभ्यासातला जिल्ह्याचा नकाशा वाचताना उपयोगी पडते. पहिली-दुसरीला परिसर अभ्यासाचे वेगळे पुस्तक नसते, याचा अर्थ परिसर नसतो, असा नव्हे. पाऊस, बी रुजणे, घरातली माणसे, पोस्टमन, बाजार हे सगळे भाषेच्या पाठांतून आणि गाण्यांतून येतच असते.

दूरदेशी

मी अमेरिकेत रविवारच्या मराठी शाळेत स्वयंसेवक म्हणून शिकवतो. आमच्याकडची मुले इतर दिवशी इंग्रजीतून शिकतात. त्यांना ‘ट्वेंटी फाइव्ह’ म्हणताना कान आणि हात एकाच दिशेने चालवायची सवय असते, त्यामुळे मराठी अंक शिकवताना ओंजळ ताईंच्या मुलीची अडचण आमच्या वर्गात अधिक तीव्रतेने येते. गावशाळा सरांचे ‘वीस आणि पाच, पंचवीस’ येत्या रविवारीच करून पाहणार आहे. आमच्याकडे आठवड्याला जेमतेम दीड तास मिळतो, म्हणून आम्ही मराठीचा तास केवळ भाषेचा ठेवत नाही. थालीपिठाची पिठे वाटीने मोजतो, ती मराठीत मोजतो, आणि आजीला फोनवर कृती सांगायला लावतो. ‘आधी’, ‘मग’, ‘नंतर’, ‘शेवटी’ हे शब्द मुलांना त्यातूनच लागले. वर्कशीटमधून ते कधीही लागले नव्हते.

निळाई

एक वेगळा प्रश्न. पहिलीपासून किती भाषा असाव्यात, यावर 2025 मध्ये हिंदीच्या निमित्ताने मोठी चर्चा झाली आणि जूनअखेर शासनाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा शिकवण्याचे निर्णय मागे घेतले. मराठी शाळांत 2000 सालापासून पहिलीला इंग्रजी आहेच. शिक्षकांना वर्गात याचा भार जाणवतो का?

खान्देशी

इंग्रजी कानावर पडते, गाणी होतात, वस्तूंची नावे येतात, तोवर भार जाणवत नाही. मुले आनंदाने म्हणतात. अडचण येते ती लिपीची. मराठीची अक्षरे अजून हातात बसलेली नसताना दुसऱ्या लिपीचे लेखन सुरू केले की, दोन्ही लिप्यांत मूल अर्धेच राहते. माझ्या मुलांसाठी तर प्रमाण मराठी हीच शाळेतली नवी भाषा आहे. त्यामुळे पहिलीत ऐकणे-बोलणे कितीही भाषांत असो, लेखन एकाच लिपीत पक्के व्हावे, असे माझे अनुभवाने झालेले मत आहे.

ओंजळ

सर्वांचे मनापासून आभार. शनिवारी शाळेत जाऊन बाईंना भेटले. काड्यांचा प्रसंग सांगितला आणि वहीतल्या चार बरोबर संख्या दाखवल्या. बाईंनी वही दोनदा पाहिली आणि त्या म्हणाल्या की, “हे माझ्या लक्षात यायला हवे होते, वर्गात आणखी तिघांचे असेच आहे, त्या चौघांना सोमवारपासून जुड्यांवर घेते.” शेरा त्यांनी खोडला नाही, त्याखाली ‘संख्या समजते, लेखनात क्रमाचा सराव’ असे लिहिले. मला ते पुरेसे वाटले.

घरी आम्ही ‘वीस आणि पाच, पंचवीस’ सुरू केले आहे. आठ दिवसांत 52 येणे थांबले. एकोणतीसला मात्र ती अजून 39 लिहिते. सर, त्यासाठी काय करावे?

गावशाळा

तीन पूर्ण जुड्या तिच्यापुढे ठेवा आणि एक काडी तिलाच काढून घ्यायला सांगा. काडी काढायची, तर एक जुडी सोडावी लागेल. ती सोडवताना तिला बोलू द्या, आपण काही सांगू नका. काडी काढल्यावर उरलेल्या दोन जुड्या आणि नऊ सुट्या काड्या तिने स्वतः मोजल्या की, मगच ‘तीसला एक उणे, एकोणतीस’ असे म्हणा. दुसऱ्या दिवशी चार जुड्या घ्या. एकोणपन्नासपर्यंत आपल्याला जावे लागणार नाही, असा माझा अंदाज आहे. काय होते, ते इथे नक्की कळवा.